आमची वाटचाल : खिळ्यांपासून डिजिटलपर्यंत, पप्पांच्या मागे मागे

आमची प्रेस आज जी काही उभी आहे ती पप्पांमुळे, आणि पप्पांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते प्रभूमुळे, म्हणून ही वाटचाल लिहायची तर दोन्ही नावं घ्यावीच लागतात. मागच्या पावसाळ्यात पप्पा प्रभूच्या घरी गेले. तेव्हापासून लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोय.

पप्पा मूळचे नेवासा तालुक्यातले, घरची कोरडवाहू जमीन, शिकायला म्हणून नगरला बोर्डिंगात आले आणि शाळा झाल्यावर एका छापखान्यात कंपोझिंग, म्हणजे शिशाचे अक्षरांचे ठसे (खिळे) जुळवायचं काम, शिकायला लागले. त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला, गावाकडे काहीच उरलं नाही, मग पप्पांच्या पगारावर सगळं घर चाललं. नगर आणि छपाईचं नातं तसं जुनंच, अमेरिकन मराठी मिशनचं ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली नगरमध्येच सुरू झालं, पुढे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही त्याच्या मराठी भागाचं संपादन केलं. पप्पांना याचा भारी अभिमान, गिऱ्हाईक चहाला थांबलं की हे सांगायचेच. आणि हात टाइपकेसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, चालू असले की तोंडात टिळकांची भजनं, पेटी-तबला नसला तरी ठेका पायाने.

नंतर उसनंपासनं करून सेकंडहँड ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाई मशीन, घेतलं आणि एका खोलीत आमची प्रेस सुरू झाली. आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही की एक लग्नपत्रिका जुळवायला किती वेळ जायचा. मराठीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या सगळ्यांचे खिळे लागायचे, एकेक उचलून स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) लावायचा, तेही उलटं वाचत, मग गॅलीवर (धातूच्या ट्रेवर) घेऊन दोऱ्याने बांधायचं, प्रूफ काढायचं, आणि छपाई झाली की तेच खिळे रॉकेलने पुसून परत आपापल्या घरात टाकायचे. पत्रिकेवरच्या गणपतीचा ब्लॉक पप्पा स्वतः ब्रशने साफ करायचे, सोंडेच्या बारीक रेषेत शाई साचू द्यायचे नाहीत. ७८६ च्या पत्रिकेलाही तीच काळजी. स्वतः दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस, पण दुसऱ्याच्या देवाचं काम आहे म्हणून हात कधी सैल पडला नाही.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं वचन आहे ना, ते पप्पांनी धंद्यात शब्दशः पाळलं. पार्टीने स्वतःचा कागद आणून दिला तर छपाईनंतर उरलेला कागद बांधून परत जायचा, अगदी पाव रीम असला तरी. कटिंगमध्ये निघालेल्या पट्ट्या मात्र पार्टीला विचारून ठेवून घ्यायचे आणि त्याची छोटी पॅड्स बांधून संडे स्कूलच्या मुलांना वाटायचे. लहानपणी मीही त्याच पॅडवर चित्रं काढली आहेत.

एका निवडणुकीत रात्री उशिरा काही लोक आले, हजारोंच्या संख्येने पत्रकं हवी होती, पैसे रोख, पण खाली प्रेसचं नाव टाकायचं नाही म्हणे. कायद्यानेच मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकावा लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ ए आहे त्यासाठी. पप्पा म्हणाले, नाव टाकायची लाज वाटेल असं काही या मशीनवर छापणार नाही. त्या वर्षी मशीनचा हप्ता थकलेला होता, मला माहीत होतं, मम्मीलाही माहीत होतं. ती फक्त म्हणाली, जेवायला चला.

नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवणं, आलं, खिळे भंगारच्या भावात गेले, बरेच कंपोझिटर बेकार झाले. आमच्याकडच्या दोघांना पप्पांनी काढलं नाही, एकाला बाइंडिंगला बसवलं, दुसऱ्याला कीबोर्ड शिकायला पाठवलं, त्याचा क्लास स्वतः भरला. मी ऑफसेट, मग डिजिटल असं वाढवत गेलो, पप्पा चष्मा लावून प्रूफं बघायचे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

२०२० चा लॉकडाऊन आमच्यासाठी सगळ्यात कठीण, लग्नसराई तोंडावर आणि सगळ्या ऑर्डर कॅन्सल. पप्पा रोज सकाळी शटर अर्धं उघडून मशीनवर हात ठेवून प्रार्थना करायचे, बंद मशीनसाठी सुद्धा, आणि संध्याकाळी कामगारांच्या घरी फोन. त्यांच्या बचतीतून सगळ्यांना निम्मा पगार गेला, हे मला पासबुक बघितल्यावर कळलं.

त्यांच्या अंत्यविधीला मंडळीतले लोक होतेच, पण आमचे मशीनमन चाचा, मार्केट यार्डातले व्यापारी, आणि ज्यांच्या घरच्या दशक्रियेच्या पत्रिका पप्पांनी रात्रीतून छापून दिल्या होत्या अशी कितीतरी माणसं आली होती. पाळकसाहेबांनी तेविसावं स्तोत्र वाचलं तेव्हा चाचा माझा हात धरून उभे होते. प्रभूने मला असे वडील दिले याबद्दल किती उपकार मानू?

आता फ्लेक्स, बिलबुकं, पत्रिका, स्मरणिका सगळं करतो, फाईल व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी चालते. प्रूफ मंजूर झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, उरलेला कागद परत मिळेल, दुःखाच्या पत्रिकेला अर्जंटचा चार्ज नाही. रविवारी प्रेस बंद असते, सीझन असला तरी.