साडेपाच तासांची चूक

मी समुद्राच्या रंगावर काम करते हे कळल्यापासून आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका जिन्यात भेटले की एकच प्रश्न विचारतात, "पुण्यात बसून कसला समुद्र मोजतेस? आधी मुठेचा रंग मोज." त्यांची थट्टा मी मनावर घेत नाही, मात्र या कामाचा मोठा भाग पुण्यातच, पडद्यावरच्या आकड्यांसमोर बसून होतो हे खरे आहे. उपग्रहाने सांगितलेला रंग आणि बोटीवरून मोजलेला रंग यांचा मेळ कितपत बसतो हे तपासणे, एवढेच ते काम. गेल्या हंगामात त्यात माझ्या हातून जी चूक झाली, ती लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमधले क्लोरोफिल निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा त्या मानाने सोडून देते, त्यामुळे पाण्यातून वर येणाऱ्या निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून एका घनमीटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्लोरोफिल आहे याचा अंदाज बांधता येतो. १९७८ मध्ये निंबस-७ या उपग्रहावरून हा प्रयोग प्रथम झाला आणि मे १९९९ मध्ये भारताच्या ओशनसॅट-१ ने प्रकाशाच्या आठ पट्ट्यांत समुद्र पाहणारा संवेदक अवकाशात नेला. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात संवेदकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा साधारण नऊ-दशांश वाटा हवेचा असतो आणि समुद्राचा उरतो तो जेमतेम एक-दशांश. म्हणजे एकूण प्रकाश मोजताना एका टक्क्याची चूक झाली, तर समुद्राच्या वाट्याला ती दहा टक्क्यांची होऊन येते. प्रक्षेपणापूर्वी प्रयोगशाळेत केलेले अंशांकन, म्हणजे संवेदकाचे माप ठरवून घेणे, एवढ्या नेमकेपणाला पुरत नाही, म्हणून हवाई बेटांपैकी लानाईजवळच्या स्वच्छ पाण्यात १९९७ पासून एक प्रकाशमापक बोया तरंगत ठेवला आहे आणि अनेक उपग्रहांचे आकडे त्याच्या मोजमापांशी जुळवून घेतले जातात.

हवेचा वाटा वजा कसा करायचा, हा या विषयाचा खरा गाभा आहे आणि तिथे पुण्यात बसलेल्या माणसालाही काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश गणिताने काढता येतो. अडचण येते ती धूळ आणि धुराच्या कणांची. स्वच्छ समुद्र तांबड्यापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या निकट-अवरक्त पट्ट्यांत जवळजवळ काळा असतो, तेव्हा तिथे जो काही उजेड दिसेल तो कणांचा असे धरून त्यावरून निळ्या पट्ट्यातला त्यांचा वाटा ठरवला जातो. पण एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरून पाहिले तर पलीकडचे डोंगर ज्या तांबूस धुरकटपणात बुडालेले असतात, तशा प्रकारचे कण नुसता प्रकाश विखुरत नाहीत, निळा प्रकाश शोषूनही घेतात, आणि ते शोषण अवरक्ताच्या बाजूला ओळखूच येत नाही. परिणामी निळ्या पट्ट्यातून गरजेपेक्षा जास्त वजाबाकी होते, समुद्र आहे त्यापेक्षा कमी निळा ठरतो आणि नसलेले क्लोरोफिल नकाशावर उगवते. अरबी समुद्रावर वाळवंटातली धूळ येते त्या दिवसांचे नकाशे मी म्हणूनच हात राखून वाचते.

बोटीवरचे मोजमापही काही सरळ नसते. पाणी गाळायचे ते ०.७ मायक्रोमीटर छिद्रांच्या काचतंतूंच्या गाळणीतून, तीही मंद उजेडात. गाळणी लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायची, पुढे प्रयोगशाळेत ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात व थंडीत ठेवून रंगद्रव्य उतरवायचे आणि मग मोजायचे. प्रकाशमापक हातात धरून पाण्याकडे पाहायचे असेल, तर उभ्या रेषेपासून ४० अंश आणि सूर्याच्या दिशेपासून १३५ अंश असा कोन साधावा लागतो, कारण त्या दिशेला पाण्यावरची चकाकी कमी असते. बोटीची सावली आणि फेस टाळणे हे त्याखेरीज. या मोजमापाला आमच्या क्षेत्रात 'सी ट्रुथ', म्हणजे समुद्रावरचे सत्य, म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द आवडत नाही, कारण तो वापरला की फरक पडला तर दोष उपग्रहाचाच, हे आपण आधीच ठरवून बसतो.

बोटीवरचा नमुना आणि उपग्रहाचा आकडा यांच्या जोड्या लावण्याचे नियम कडक असतात. नमुना घेणे आणि उपग्रह वरून जाणे यांत तीन तासांहून अधिक अंतर नसावे. नमुन्याच्या जागेभोवतीच्या पाच गुणिले पाच पिक्सेलांपैकी निदान निम्मे ढगांपासून मोकळे असावेत. आणि त्यांच्या आपापसातल्या मूल्यांत फार चढउतार नसावा. एका पिक्सेलमध्ये सुमारे एक चौरस किलोमीटर समुद्र असतो आणि बाटलीत एक-दोन लिटर पाणी, तेव्हा हा शेवटचा नियम तर हवाच. ढगांपायी पावसाळ्याचे महिने जवळजवळ कोरे जातात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खोलवरचे पोषक पाणी वर येऊन अरबी समुद्र सर्वाधिक हिरवा होतो तो नेमका त्याच काळात, म्हणजे आमची सगळी पडताळणी एका अर्थी निरभ्र दिवसांच्या समुद्राची असते.

आता चुकीकडे येते. दाभोळच्या खाडीसमोर एका मच्छीमार बोटीतून आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत नमुने घेतले आणि वेळा वहीत आपल्या घड्याळाप्रमाणे लिहिल्या. उपग्रहाच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. पुण्यात आल्यावर मी वहीतल्या वेळा जशाच्या तशा फाइलमध्ये भरल्या आणि त्यातून साडेपाच तास वजा करायला विसरले. अ‍ॅक्वा उपग्रह, ज्याचे आकडे आम्ही ताडून पाहत होतो, त्या दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमारास, म्हणजे जागतिक वेळेनुसार आठच्या आसपास वरून गेला होता. त्यामुळे सकाळी साडेसातचे नमुने उपग्रहाच्या वेळेशी छान जुळलेले ठरले आणि दुपारचे खरे जोडीदार नियमाबाहेर गेले. विशेष म्हणजे बोटीवरच्या व उपग्रहाच्या आकड्यांचा आलेख वाईट दिसत नव्हता. आधीच्या मोहिमेतल्या दूर समुद्रातल्या नमुन्यांतही मी हीच चूक केली होती, परंतु तिथले पाणी पाच-सहा तासांत फारसे बदलत नसल्याने ते बिंदू निमूट रेषेजवळ बसले होते. शिवाय दोन्ही अक्ष लॉग मापाचे, म्हणजे दर टप्प्याला दहापट वाढणारे, असले की दीडपट फरकही डोळ्याला चिमूटभर वाटतो.

खाडीसमोरचे बिंदू मात्र ऐकेनात. मी आठवडाभर धुळीला, गाळाला आणि उपग्रहाच्या सूत्राला दोष देत राहिले. शेवटी मूळ वही काढली, तेव्हा शेवटच्या नमुन्याच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलेले सापडले: "तांडेल म्हणतात, ओहोटी लागली." तांडेल म्हणजे आमच्या बोटीचे प्रमुख. फाइलमधल्या वेळेप्रमाणे पाहिले, तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या वेळी पाणी जवळजवळ तळाला गेलेले असायला हवे होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, म्हणजे माझ्या साडेपाच तासांनी खाडीचे पाणी जवळजवळ उलटे फिरवले होते. सकाळच्या ओहोटीत खाडीतून बाहेर पडणारे गढूळ पाणी मी दुपारच्या भरतीच्या पाण्याशी ताडून पाहत होते.

वेळा सुधारल्यावर सकाळचे नमुने गळले, दुपारचे थोडे आत आले आणि एकूण जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. फरक कमी झाला, पण संपला नाही, आणि आता तो कशाने पडतो हे निदान सांगता येते. गाळ आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचा पिवळसर विद्राव हेही निळ्या-हिरव्याचे गुणोत्तर बदलतात, तेव्हा खुल्या समुद्रासाठी बसवलेले सूत्र किनाऱ्याजवळ त्यांनाच क्लोरोफिल समजते. काकांच्या मुठेलाही या सूत्राने भरघोस क्लोरोफिल बहाल केले असते.

नव्या वहीत मी वेळेचे दोन रकाने आखले आहेत आणि तिसरा भरती-ओहोटीचा, जो तांडेलांना विचारूनच भरायचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि आभाळ उघडले की पुन्हा दाभोळला जायचे ठरले आहे, या वेळी उधाणाचे दिवस टाळून, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत.