फुरसं, आगळाची बरणी आणि दोन नवे डॉक्टर

इंटर्नची नवी बॅच आली की आमच्या कॅज्युअल्टीतले मामा पहिल्याच दिवशी भाकीत करून मोकळे होतात. हा टिकेल, ही रडेल, हा रात्रभर फोन करून सरांचा जीव खाईल. त्या पावसाळ्यात आलेल्या जोडीबद्दल ते म्हणाले होते, "सिस्टर, ही दोघं गणपतीपर्यंत बदली मागतात बघा."

मुलगा नाशिकचा, मुलगी लातूरची. तळकोकणातला जुलै दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेला. अभ्यास मात्र दांडगा. नाशिककरांना सोडियम कमी का होतं विचारा, उभ्या उभ्या दहा कारणं सांगतील. सलाईनच्या नळीतली हवा कशी काढायची, हे मात्र कुठे छापलेलं नसतं. त्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणायचं ही आमची रीत. माझी थोरली मुलगी त्यांच्याहून मोठी, पण "सर, ग्लोव्हज उलटा घातलाय" हे अदबीनंच सांगावं लागतं.

लावणीचे दिवस होते. दुपारी एक मुलगा आईला रिक्षातून घेऊन आला. सत्तरीच्या आजी, बांधावरचं गवत कापताना उजव्या हाताला चावलेलं. हात मनगटापर्यंत सुजलेला. मुलाच्या एका हातात आई, दुसऱ्या हातात काचेची बरणी आणि बरणीत ठेचून मारलेलं फुरसं. जेमतेम फूटभर, डोक्यावर बाणासारखी खूण.

आजींची तक्रार हाताबद्दल नव्हतीच. "माका काय्येक जावक नाय. ह्या मेल्यान माझी आगळाची बरणी इटाळल्यान!" आगळ म्हणजे कोकमाचा रस; त्याच्या बरणीत मुलानं साप भरला होता.

नाशिककर झाकण उघडून जवळून बघायला निघाले. मामांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. मेलेला सापही काही वेळ चावू शकतो, नुसतं तुटलेलं डोकंसुद्धा. नाशिककर तीन पावलं मागे सरकले, ते थेट ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर. खरं तर साप आणायची गरजच नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. उलट त्याला पकडायच्या नादात आणखी एखाद्याला चावतो. पण लोक आणतात. पिशवीतून, डब्यातून, एकानं तर जेवणाच्या डब्यातून आणला होता.

फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं, म्हणून आता रक्त गोठतंय का ते बघायचं. चाचणी इतकी सोपी की त्यातच सगळे फसतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं. नाशिककरांनी उत्साहानं जांभळ्या टोपणाची प्लास्टिकची नळी उचलली. तिच्यात रक्त गोठू नये म्हणूनच औषध घातलेलं असतं. गणपती येऊन गेले तरी त्यातलं रक्त गोठलं नसतं. मी नुसतं टोपणाकडे बोट दाखवलं. तोवर मॅडमनी एक काचेची नळी शोधली आणि बेसिनवर साबणानं लख्ख घासून आणली. साबणाचा अंश राहिला तरी निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही! शेवटी मी माझ्या कपाटातून नळ्या काढल्या. त्या कपाटाला कुलूप का असतं, ते दोघांना त्या दिवशी कळलं.

पुढे शीर. नाशिककरांनी एकदा टोचलं, हुकलं. दुसऱ्यांदा सुई उचलली तेव्हा मी म्हटलं, "सर, फुरशाच्या पेशंटची चाळण करायची नसते. प्रत्येक भोकातून रक्त पाझरत राहतं." पहिल्या जागेवरचा कापूस लाल होत चालला होता, तो दाखवला. सुई मॅडमकडे गेली. त्यांचा हात थरथरत होता. आजी म्हणाल्या, "टोच गो बाय, भिया नको." आणि लागली की एका झटक्यात!

नळीवर भरवसा असावा म्हणून शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्तही ठेवतात. धडधाकट कोण? मामांनी नाशिककरांकडे बघितलं. दिवसभर दुसऱ्यांना टोचणारा हा मुलगा स्वतःच्या दंडाला पट्टा बांधल्यावर पांढराफटक पडला आणि स्टुलावर बसला. आजी काळजीनं उठून बसल्या. "झिला, तुझा रगत कित्याक काढतत? तुका पण चावला काय?"

त्या 20 मिनिटांत दोघं नळ्यांसमोर असे बसले होते, की मलाच बोलतं करावं लागलं. विंचवाचा विषय काढला. नाशिककरांनी त्यावरच्या औषधाचा, प्राझोसिनचा डोस घडाघडा म्हणून दाखवला. मग मी त्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगितलं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या पेशंटच्या उशाशी बसून, नाडी आणि ब्लड प्रेशर बघत त्यांनी नोंदी केल्या, त्या 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. 2022 ला पद्मश्री मिळाली. तो डोस पुस्तकात आला तो त्यांच्याच कामातून. दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. डोस ठाऊक होता.

नाशिककरांचं रक्त नळीत घट्ट बसलं होतं. आजींची नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. खोलीतली गंमत तिथेच संपली.

सरांना फोन झाला. लसीच्या 10 व्हायल्स, म्हणजे कुप्या, लावायच्या. मॅडम मोबाईलवर आजींच्या वजनाचा हिशेब करू लागल्या. तो करायचा नसतो. साप चावताना वजन बघत नाही, म्हणून लहान पोरालाही तेवढीच लस. नाशिककर भुकटीत पाणी घालून व्हायल जोरजोरात हलवत होते, आत फेसच फेस. ती हळूच गोल फिरवायची, हे त्यांना हातात हात धरून दाखवलं. लसीची रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रिनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून, चिकटपट्टीवर नाव लिहून उशाशी ठेवायला लावलं. "लागेल का सिस्टर?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, भरून ठेवलं की बहुतेक लागत नाही.

लागलं. बाटली पाव झाली नसेल, आजींना हुडहुडी भरली, मानेवर गांधी उठल्या, श्वास घुरघुरू लागला. नाशिककर पुतळा होऊन उभे. मी ड्रिप बंद करायला वळले, तोवर मॅडमनी सिरिंज उचलून मांडीत इंजेक्शन दिलंही होतं. कुणाला विचारलं नाही, मोबाईल बघितला नाही. थोड्या वेळानं आजी शांत झाल्या, ड्रिप पुन्हा सावकाश सुरू केली. मग मॅडम औषधांच्या खोलीत गेल्या आणि रडून आल्या. म्हणजे मामांचं भाकीत निम्मं खरं ठरलं म्हणायचं.

सहा तासांनी चाचणी परत. या वेळी नळीला कुणी कुणाला हात लावू देईना. वेळ भरल्यावर नाशिककरांनी ती तिरकी केली आणि "गोठलं!" असे ओरडले, की अख्खा वॉर्ड जागा झाला. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी घाबरून ऑक्सिजनचा मास्क काढून टाकला.

सकाळी राउंडला नाशिककरांनी केस फर्मास मांडली. जांभळ्या टोपणाचा उल्लेख नव्हता. "सर, एकिस कॅरिनेटस," म्हणाले. आजी खाटेवरून खेकसल्या, "कसलो एकिस? फुरसां तां. आणि बरणी खंय माझी?"

बरणी लॅबमध्ये होती. आमच्या मॅडमनी आदल्या संध्याकाळी तिच्यावर रीतसर लेबल लावून, पेशंटचं नाव, वय आणि 'नमुना' असं लिहून पाठवली होती. लॅबवाल्यानं ती फॉर्मवर शेरा मारून परत केली: 'तपासणी कोणती ते नमूद करावे.'

डिस्चार्जच्या दिवशी धुऊन, उकळून बरणी आजींपुढे ठेवली. त्यांनी नाक मुरडलं. "ती आता तुमकाच ऱ्हवांदे." मामांनी ती ऑटोक्लेव्ह करून घेतली. हल्ली ड्रेसिंगच्या टेबलावर तिच्यात कापसाचे बोळे असतात. नव्या बॅचला हे सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. निदान पावसाळा लागेपर्यंत.