देव किती, या प्रश्नाची अनेक उत्तरे

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात विदग्ध शाकल्य नावाचा विद्वान याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, देव किती? पहिले उत्तर येते ३३०६. शाकल्य ते मान्य करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मग ३३, सहा, तीन, दोन, दीड आणि अखेरीस एक, असा आकडा उतरत जातो. पुढच्या उत्तराने मागचे उत्तर खोटे ठरत नाही, हे मला या संवादाचे खरे वैशिष्ट्य वाटते. हजारो देव म्हणजे ३३ देवांचा महिमा, असे याज्ञवल्क्य सांगतात, आणि ते ३३ कोणते हेही मोजून देतात: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड देव म्हणजे वाहणारा वारा, तर एक म्हणजे प्राण, तेच ब्रह्म. (दीड देव मोजण्याचे धाडस करणाऱ्या परंपरेला संख्येचे भय नसावे.)

या संवादाच्या आणि ऋग्वेदातील ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ (सत् एकच, ज्ञानी त्याला अनेक प्रकारे सांगतात) या वचनाच्या आधारे ‘सगळे देव एकच’ असे आपण सहज म्हणतो. पण त्या एकाचे स्वरूप काय, यावर आचार्यांचे एकमत कधीच नव्हते. शंकराचार्यांच्या मते परमतत्त्व निर्गुण आहे आणि सगुण ईश्वर उपासनेच्या पातळीवरचा आहे. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांचा नारायण अनंत कल्याणगुणांनी युक्त असून जीव आणि जगत हे त्याचे शरीर आहे. मध्वाचार्य तर विष्णूला एकमेव स्वतंत्र मानतात आणि इतर देवांना त्याच्या अधीन, तेही ठरलेल्या क्रमाने. सर्वांत चकित करते ती पूर्वमीमांसा, म्हणजे वेदांतील यज्ञकर्माचा विचार करणारे दर्शन: वेदांना अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, मानणारे तिचे भाष्यकार शबरस्वामी देवतेला शरीर नाही, ती हविर्भाग (यज्ञात अर्पण केलेला वाटा) खात नाही आणि फळ देवता नव्हे तर यज्ञकर्म देते, असे सांगतात. देवांची नावे घेत केलेल्या यज्ञात देवच गौण ठरावेत, यापेक्षा मोठा विरोधाभास मला तरी ठाऊक नाही.

उपासनेत या मतभेदांतून काढलेली एक वाट म्हणजे स्मार्तांची, म्हणजे स्मृतिग्रंथांना अनुसरणाऱ्यांची, पंचायतन पूजा. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती यांपैकी ज्याचे जे इष्टदैवत ते मध्यभागी आणि उरलेले चार भोवती, अशी ही मांडणी उपासकागणिक बदलते. मध्वाचार्यांच्या तारतम्यात, म्हणजे देवांच्या त्या ठरलेल्या क्रमात, मात्र मध्यभागची जागा विष्णूखेरीज कोणालाही देता येत नाही.