पाच चौरस मीटरची विंग
रॉटरडॅममध्ये नोकरी करता करता मी विंग फॉइलिंग शिकले ते नेदरलँड्समधल्या ब्राउवर्सडॅम या समुद्रबांधाच्या आतल्या बाजूला, ग्रेव्हेलिंगेन सरोवरात. या खेळात हवा भरलेली, शिडासारखी विंग हातात धरायची आणि खाली पंखासारखे फॉइल लावलेल्या बोर्डवर उभे राहायचे; वेग आला की फॉइल बोर्डला पाण्याच्या वर उचलते. बांधापलीकडे उत्तर समुद्राच्या लाटा असतात. आतल्या खाऱ्या पाण्याला मात्र भरती-ओहोटी जवळजवळ नसते, आणि नवशिक्याला ते फार सोयीचे पडते. उन्हाळाभर शाळेची विंग वापरल्यावर स्वतःची घेण्याची वेळ आली, तेव्हा हे काम वाटले होते त्याहून पुष्कळ किचकट निघाले.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा १८ नॉट झाला की तीच विंग सव्वादोन पट ओढते. सगळ्या वाऱ्यांत चालेल अशी एकच विंग शोधणे त्यामुळे व्यर्थ होते. मी महिनाभर, प्रत्यक्ष पाण्यात उतरले त्या दिवसांचा वारा वहीत टिपला, आणि बहुतेक दिवस १४ ते २० नॉटचे निघाले. माझ्या ५८ किलो वजनाला त्यासाठी ५ चौरस मीटर पुरेसे होते. दुकानदाराने, हलक्या वाऱ्यातही लवकर उचलेल म्हणून, ६ सुचवली होती. त्याचे म्हणणे चूक नव्हते, पण माझी उंची पाच फूट दोन इंच असल्याने गुडघ्यांवरून उठताना तिचे टोक दर वेळी पाण्यात बुडत असे.

मग ५ च्याच दोन विंग एका दिवशी, त्याच बोर्डवर आणि त्याच फॉइलवर, वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून वापरल्या. पहिलीला खोल फुगवटा आणि मऊ हँडल होते, दुसरी जरा सपाट आणि आखूड बूमची, म्हणजे हातात धरायच्या कडक दांड्याची. दुसरी मला सुरुवातीला लिबलिबीत वाटली आणि मी ती जवळजवळ नाकारलीच होती. नंतर लक्षात आले की तिच्या पुढच्या नळीत मी सांगितल्यापेक्षा दोन पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी भरली होती. पुरेशी हवा भरून पुन्हा उतरले, तेव्हा चित्रच पालटले. पहिली लवकर खेचायची हे खरे, पण झोत आला की ओढ मागे सरकून मागचा हात भरून यायचा. दुसरीला उठताना जास्त पंप करावे, म्हणजे हातांनी झपाझप हलवून ओढ मिळवावी लागे, मात्र बूमवर हात हवा तिथे सरकवता येई, आणि लाटेवर पुढच्या हँडलने नुसती धरली तर ती न डोलता शांत मागे येई. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्या क्षणी सगळे लक्ष पायांकडे लागते.

वजनाचा मी उगाच बाऊ केला होता. विंग वाऱ्यावर एकदा तरली की दोन-तीनशे ग्रॅमचा फरक माझ्या हाताला तरी जाणवला नाही, म्हणून महागड्या हलक्या कापडाचा विचार सोडला. वाचलेल्या पैशांत फॉइलचा पुढचा पंख मोठा घेतला. तो कमी वेगातच बोर्ड वर उचलतो, त्यामुळे आता १३ नॉटच्या वाऱ्यातही मला त्या सहा चौरस मीटरच्या विंगची उणीव भासत नाही.