तीसपैकी चार

मी कर्करोगाच्या फेरतपासणी विभागात समुपदेशक आहे. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना आम्ही बॉडी इमेज स्केल ही प्रश्नावली देतो. हॉपवूड आणि सहकाऱ्यांनी ती 2001 मध्ये कर्करोगाच्या रुग्णांसाठीच मांडली. प्रश्न दहा. 'अजिबात नाही'ला 0, 'खूप'ला 3. बेरीज 30 च्या जितकी जवळ, तितका आपल्या शरीराच्या दिसण्याचा मनाला होणारा त्रास जास्त. विचारायचं मात्र मागच्या आठवड्यापुरतंच.

त्या जुलैत समोर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. उजवा स्तन काढून वर्ष होत आलेलं. खरं तर हा कागद बाईने एकटीने, मनाशी भरायचा. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी सुनेला बाहेर बसवून प्रश्न वाचू लागले.

"कपडे काढल्यावर स्वतःकडे बघणं अवघड जातं का?"

"न्हाई. बघतंय कोण ताई? मोरीत लुगड्यावरच आंघोळ. आरसा हाय त्यो येवढासा, कुंकवापुरता." त्यांनी तळहात दाखवला.

मी 0 वर खूण केली.

"दिसण्यामुळे लोकांना टाळलंत?"

"न्हाई. आठवडाभर भांगलण चाललीया, जायाचं कुठं?"

पुन्हा 0. बेरीज झाली 4. कागदावर मावशी अगदी सुखरूप.

उठताना त्यांनी पदर सारखा केला. दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बायका तसा घेतातच, म्हणून मला त्यात काही वेगळं दिसलंच नव्हतं. मग त्यांनी मंगळसूत्र ओढून मधोमध आणलं. ते लगेच उजवीकडे घसरलं. पुन्हा आणलं, पुन्हा घसरलं.

"मावशी, सारखं सरकतं का हो हे?"

त्या परत बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत.

"दिसभर. संक्रांतीला कुणाच्यात हळदीकुंकवाला गेले न्हाई. कुंकू लावायला वाकलं की बायांची नजर हितंच." मग त्यांनी चोळीतून मोहरीची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. वजन सारखं राहावं म्हणून. घामाने फडकं ओलं झालं होतं. दाणे व्रणावर टोचून पुरळ उठलं होतं.

आरशात बघून ज्या बाईला काही वाटलं नाही तिचा 0, आणि जिने वर्षभर बघितलंच नाही तिचाही 0. संक्रांत तर त्या 'मागच्या आठवड्यात' बसतच नव्हती. प्रश्न वाईट नाहीत, पण त्या दिवशी मी ते फार लवकर वाचून संपवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

आकडा बदलता येत नाही, तो 4 च राहिला. मी कागद उलटा केला आणि मंगळसूत्र, पुरचुंडी, पुरळ, हळदीकुंकू, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मोहरी बंद करायला सांगितली, चोळीला आतून खिसा शिवून मऊ सुती कप कसा बसवायचा ते दाखवलं.

"मागल्या अंगाचं लिवल्यालं डाक्टर वाचत्यात का?" त्यांनी विचारलं.

"चला, आपण दोघी आत जाऊ. मी वाचून दाखवते," म्हटलं आणि कागद हातात घेऊन उठले.