लिंबची बारा मोटेची विहीर: आधी काठावर जा, मग पायऱ्या उतरा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना महामार्गावर लिंब फाटा लागतो. साताऱ्याहून यायचं तर पंधराएक किलोमीटर. गाव कृष्णाकाठी, शांत. विहीर गावाबाहेर शेतांमध्ये आहे. जमिनीवर बांधकाम फारसं वर येत नसल्याने ती लांबून दिसत नाही. फाट्यापासून विचारत जावं.

बहुतेक जण थेट पायऱ्या उतरतात, फोटो काढतात आणि परततात. माझं मत उलट आहे. आधी काठावरून फेरी मारा. इथे मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामड्याच्या मोठ्या पिशव्या, लावायच्या 15 जागा आहेत. एका वेळी 12 चालत, म्हणून हे नाव. बैल उतरत्या धावेवरून विहिरीपासून लांब जात, नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेली मोट वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात, पडून पाटाने आमराईला जाई. हे डोक्यात ठेवून पाहिलं की काठाचे दगड इतके भक्कम का बसवलेत, ते कळतं. बारा भरलेल्या मोटांची ओढ त्यांनाच पेलायची होती. काठावर जाताना मात्र सांभाळून. मुलांचा हात सोडू नका.

विहीर अष्टकोनी, खोली सुमारे 110 फूट आणि व्यास 50 फूट सांगतात. वरून तिचा आकार शिवलिंगासारखा, पण तो ड्रोनच्या फोटोत जितका उठून दिसतो तितका काठावरून दिसत नाही.

आता प्रवेशद्वाराकडे या. तिथला देवनागरी शिलालेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. छत्रपती शाहूंच्या काळात विरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646 मध्ये विहीर बांधली, असं तो सांगतो. शकात 78 मिळवले की 1719 ते 1724. अक्षरं उथळ आहेत. ऊन तिरपं असताना नीट लागतात, डोक्यावर असताना सपाट दिसतात. पाण्याचा तळ पाहायचा तर नेमकं उलट, भर दुपार हवी. दोन्ही हवं असेल तर सकाळी येऊन दुपारपर्यंत थांबावं.

पायऱ्या उतरल्यावर कमानीच्या वर छोटा महाल आहे. त्याचे जिने भिंतीतूनच काढलेत, अरुंद आणि अंधारे. मोबाईलची बॅटरी लावूनच चढा. वरच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार कोरलेत. खरी मेहनत इथे आहे, आणि नेमकं इथेच लोक खडूने नावं लिहून ठेवतात.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, चपला घसरतात. दिवाळीनंतर आलेलं बरं: पायऱ्या कोरड्या असतात आणि विहिरीत पाणीही भरपूर असतं.