८.७ ते १०

बुधवार, रात्री

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन इंडी रॉक बँडचा दुसरा अल्बम, 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी', आज जेवणानंतर एका बैठकीत पुरता ऐकला. जेमतेम चाळीस मिनिटांचे काम, पण मला त्यासाठी काही वर्षे लागली. प्रथम ऐकला तेव्हा दुसऱ्याच गाण्यात गायक जेफ मॅन्गम घसा ताणून येशूला आळवू लागला, ते मला नाटकी वाटले आणि मी अल्बम बंद केला. त्यामुळे १९९८ साली अल्बम आला तेव्हा ज्या परीक्षकांना यात विशेष काही दिसले नाही, त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

अर्थात तेव्हा अल्बमची उपेक्षा झाली, ही आख्यायिकाही खरी नव्हे. 'रोलिंग स्टोन' या संगीत मासिकाचा सूर कोमट होता, हे खरे. परंतु 'पिचफोर्क' या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळाने दहापैकी ८.७ गुण दिले होते, आणि ती काही नापासाची गुणपत्रिका म्हणता येणार नाही. त्यानंतरच्या दौऱ्यांचा ताण असह्य होऊन मॅन्गमने स्वतःला मिटून घेतले, बँड थांबला, तिसरा अल्बम आलाच नाही. २००५ मध्ये पुनर्प्रकाशनाच्या वेळी त्याच 'पिचफोर्क'ने पूर्ण दहा गुण दिले. अल्बममधला एक स्वरही बदलला नव्हता. मधल्या सात वर्षांचे मौन मात्र त्याला येऊन चिकटले होते. वाढलेल्या १.३ गुणांपैकी संगीताचे किती आणि त्या मौनाचे किती, हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

संगीताच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९९७ मध्ये डेन्व्हरला निर्माता रॉबर्ट श्नायडरने हे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा साध्या अकूस्टिक गिटारचा आवाज त्याने मुद्दाम फाटू दिला. शीर्षकगीतात बँडमधला ज्युलियन कॉस्टर करवत वाजवतो, होय, सुताराची करवत, व्हायोलिनच्या गजाने. तिचा सूर एका जागी न ठरता मींड घेत सरकत राहतो आणि एखादी बाई दूर कुठेतरी तोंड मिटून गुणगुणत असावी असा भास होतो. 'ओ कमली' हे आठ मिनिटांचे गाणे मॅन्गमने एका दमात गायले आणि ते संपताना मागून कुणीतरी थक्क होऊन ओरडल्याचे स्पष्ट ऐकू येते. अल्बमवरचे पहिले परीक्षण तेच असावे!

या सगळ्याच्या मुळाशी अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी आहे. ती वाचून मॅन्गम हादरून गेला होता, आणि १९४५ मध्ये छळछावणीत मेलेल्या त्या मुलीला काळात मागे जाऊन वाचवता येईल का, असे वेडे मागणे त्याच्या गाण्यांतून पुन्हा पुन्हा येते. मी ती मराठीतून शाळेत असताना वाचली होती. तरीही पहिल्या खेपेस मला हा धागा दिसला नाही, कारण शब्दांकडे लक्ष देण्याआधीच मी आवाजावर निकाल देऊन मोकळा झालो होतो.

शेवटच्या गाण्यानंतर मॅन्गम गिटार खाली ठेवतो आणि उठून चालू लागतो. ते तसेच ध्वनिमुद्रित झाले आहे. १९९८ च्या परीक्षकाला त्यात काम आटोपून उठलेला गायक ऐकू आला असेल. आज मी हेडफोन काढले नाहीत, पावले थांबेपर्यंत कान देऊन बसलो.